टॉवेलखालचं घड्याळ

दापोलीजवळचं आमचं छोटं घर आम्ही सुट्टीवर येणाऱ्यांना दोन-चार दिवसांसाठी भाड्याने देतो. आज सकाळी पाहुणे गेले आणि मी खोली आवरायला आत शिरले, तर भिंतीवरच्या घड्याळावर टॉवेल टाकलेला.

"वाळत घातला असेल, वहिनी," घराची झाडलोट बघणारी सुनंदा म्हणाली. बारा वर्षं घराची किल्ली तिच्याकडेच असते.

पण टॉवेल कोरडा होता आणि घड्याळ पलंगाच्या बरोबर समोर. मग लक्षात आलं. त्यांना वाटलं असणार, आत कॅमेरा आहे.

संतापच आला. त्याच पाहुण्यांमधल्या बाईंनी टेबलावरच्या अभिप्रायाच्या वहीत लिहिलं होतं, 'अगदी घरच्यासारखं वाटलं.' घरच्यासारखं म्हणे!

अर्थात, पाहुण्यांची गाडी वळली की मीही गादी उलटून बघते, उशा हुंगते. अंगणातल्या उन्हाचे फोटो पाहून अनोळखी माणसं आपल्या छपराखाली निजायला येतात, आपण हसून किल्ली देतो, तीही हसून घेतात, आणि मग दोघंही एकमेकांवर डोळा ठेवून असतात.

मी टॉवेल ओढून काढला. घड्याळ बिचारं आपलं चालतच होतं.

"मागच्या महिन्यात बंद पडलेलं. मीच सेल घातला," असं सहज म्हणत सुनंदा चादरी घेऊन धुवायला गेली.

घड्याळ मी स्वतः बाजारातून आणलेलं. तरीही ती विहिरीपाशी पोचेपर्यंत मी खिडकीतून बघत राहिले. मग दार लोटलं, घड्याळ खाली उतरवलं आणि मागून उघडून पाहिलं.