काकांची स्लाइड

लातूर जिल्हा नवा झाला त्याला थोडीच वर्षं झाली होती. आमच्या ऑफिसच्या कागदांवर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं असायचं. ते पेनानं खोडून आम्ही वर 'लातूर' लिहायचो. शिक्का तेवढा नवा होता, आणि तो उमटवायला सगळ्यांना फार आवडायचं.

मी नांदेडची. वडील पोस्टात होते. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या घरातले तेच पहिले सरकारी नोकर आणि मी पहिली शिकलेली मुलगी. लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि लातूरला कुष्ठरोगाच्या कामात माझी नेमणूक झाली. ऑर्डर आली तेव्हा आई पेढे वाटायच्या ऐवजी चुलीपुढं बसून राहिली.

"सरकारी नोकरी लागली ते लई चांगलं झालं," ती म्हणाली, "पण त्या बिमारीचीच कशाला? उद्या तुला पाहायला कोण येईल?"

वडील म्हणाले, "शिकून मिळवलेली नोकरी हाय. जाऊ दे तिला."

माझी लॅब म्हणजे एका डाळमिलच्या मागच्या गल्लीतलं भाड्याचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत साहेब आणि रजिस्टरं, मागच्या खोलीत मी आणि माझा मायक्रोस्कोप. वीज भरवशाची नव्हती, म्हणून आरशाचा मायक्रोस्कोप खिडकीशी ठेवून सकाळच्या उजेडात मी स्लाइडी बघायची. मिल सुरू झाली की तुरीचा भुस्सा उडत यायचा आणि ओल्या स्लाइडींवर बसायचा, तेव्हा खिडकी लावून घ्यावी लागायची. दिवसभर खोलीत डाळीचा गोडसर वास असायचा. आजही वाण्याच्या दुकानात नव्या तुरीचं पोतं फुटलं की मला ती खोली आठवते.

ती वर्षं कोरडी गेली. टँकर येईल तेव्हा पाणी. लोक बहात्तरच्या दुष्काळाशी तुलना करायचे आणि म्हणायचे, तेव्हा धान्य नव्हतं, आता पाणी नाही. आमच्या कामाला तर पाणी लागायचंच. पेशंटच्या कानाची पाळी चिमटीत दाबून धरायची, ब्लेडनं बारीकशी चीर द्यायची, आतला ओलावा खरवडून काचेवर पसरायचा. मग ती काच लाल रंगानं रंगवायची, धुवायची, निळ्या रंगानं रंगवायची, पुन्हा धुवायची. निळ्यावर लाल काड्या दिसल्या की जंतू आहेत. दिवसाला एक घागर पाणी माझ्या वाट्याला होतं. ती घागर काका आणायचे.

काका म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने कर्मचारी. निलंग्याकडचे. वीस वर्षांहून जास्त काळ ते सायकलवर गावोगाव फिरून पेशंट शोधत होते. पाणी आणणं हे काही त्यांचं काम नव्हतं. पण माझ्या पहिल्याच आठवड्यात मी पाण्यासाठी गल्लीत भांडून रडत परत आले, तेव्हापासून ते सायकलच्या कॅरिअरला घागर बांधून आणू लागले. मी नको म्हटलं तर म्हणायचे, "बाई, तुमची काच धुतली न्हाई तर माझं हिंडणं फुकट हाय."

गावात गेले की ते आधी पारावर बसत. पोरांचे शर्ट काढून पाठी बघत, हसवत बघत. एखादा डाग दिसला तर कापसाची वात डागावर टेकवून विचारत, "कळलं का? कुठं लागलं, दाखव बरं." कळलं नाही, म्हणजे डाग बधिर निघाला, तर चेहऱ्यावर काही न दाखवता पाणी मागत. त्या घरचं पाणी आधी प्यायचं आणि मग आजाराचं बोलायचं, ही त्यांची रीत. "शिवल्यानं काय व्हत न्हाई. ताट-तांब्या वेगळा करू नका," हे ते हजारदा बोलले असतील. मी त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा ऐकलंय.

जुना इलाज म्हणजे एक पांढरी गोळी. रोज, आणि बहुतेकांना जन्मभर. कितीतरी पेशंट मधेच सोडून द्यायचे. काहींना तर ती गोळी लागूही पडेनाशी झाली होती. मग एके दिवशी साहेब ट्रेनिंगहून आले आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. नवीन संशोधन झालंय, म्हणाले. एक औषध देण्यापेक्षा तीन एकदम दिली तर जंतूला पळायला वाट राहत नाही. दुसऱ्या जिल्ह्यांत देऊन पाहिलंय, आता आपल्याकडे येणार. महिन्यातून एकदा लाल कॅप्सूल आपल्या समोर गिळायला लावायची, बाकीच्या गोळ्या घरी रोज.

सगळ्यांनी जीप, पगार, भत्ता याबद्दल विचारलं. काकांनी एकच विचारलं.

"सायेब, बंद कधी करायचं?"

"दोन वर्षं तरी द्यायचं. मग स्लाइड निगेटिव्ह आली की बंद."

"बंद म्हंजे बंद?"

"बंद म्हणजे बरा झाला."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी घालत बसले. त्या वेळी मला वाटलं, वीस वर्षं लोकांना 'जन्मभर' सांगत आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागणारच.

त्यानंतर पंधरा दिवसांनी काकांनी गावांतून खरवडून आणलेल्या स्लाइडींमध्ये एक अशी निघाली की मी खुर्चीतून उठले. निळं दिसतच नव्हतं. लाल काड्या, जुड्याच्या जुड्या, काडेपेटी उपडी केल्यासारख्या. यादीत बघितलं तर औशाकडच्या एका वस्तीवरचा पुरुष, वय पन्नासच्या पुढं. मी काकांना म्हटलं, "या पेशंटला लगेच आणा. नवीन औषध याला आधी सुरू करायला पाहिजे."

"आणतो की," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात म्हणाले, तो ऊसतोडीला गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाले, आलता, पण पाव्हण्याकडं गेला. मला राग यायला लागला. काकांचा पेशंट कधी हातचा निसटत नसे. या एकाच बाबतीत ते ढिले का पडले, मला कळेना. शेवटी एका संध्याकाळी मी म्हटलं, "काका, उद्या जीप मोकळी आहे. वस्ती दाखवा, मीच येते."

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायला गेले तर ते पायरीवर बसलेले. शेजारी भरलेली घागर.

"बाई, जीप नका काढू," ते म्हणाले. "त्या वस्तीवर असा कुनी मानूस न्हाई."

"मग ती स्लाइड?"

त्यांनी टोपी काढली आणि कान माझ्याकडे केला. "ही हाय त्याची जागा. आरसा खुंटीला लावून म्याच केलं."

पाळी जाड होती, तुळतुळीत. त्यावर ब्लेडची बारीक खपली. मी वर्षभर त्यांच्यासमोर बसत होते. चहा पीत होते. रोज दहा जणांचे कान बघणारी मी, समोरच्या माणसाच्या कानाकडे कधी पाहिलं नव्हतं.  मी घागर उचलून आत नेली आणि उगीचच झाकण काढून पाणी बघत उभी राहिले.

ते मागोमाग आले. "गेल्या उन्हाळ्यात सायकलवरून उतरलो तवा बघतो तर पायात चप्पल न्हाई. मैलभर मागं पडली व्हती. मला कळलंच न्हाई. तवाच समजलो."

"मग सांगितलं का नाही? गोळी तर आपल्याच कपाटात होती."

"खायलो की. चोरून. पर जन्मभर चोरून खायचं कसं, हेच दिवसरात इचार करीत व्हतो. सायबांनी बंद व्हतं म्हटलं, तवा धीर आला. काच तुमच्याकडं दिली. फुडं तोंड उघडंना."

साहेबांना सांगावंच लागलं. ते भले होते. एवढंच म्हणाले, "घरच्यांनाही तपासायला लागेल." काकांचा चेहरा उतरला. लग्नाची मुलगी होती. मला म्हणाले, "बाई, तुमी चला संगं. मला एकट्याला सांगता येनार न्हाई."

रविवारी आम्ही एसटीनं त्यांच्या गावी गेलो. दोन खोल्या, पुढं कडुलिंबाचं झाड. काकूंनी "ये माय, बस" म्हणून माझ्यापुढं पाणी ठेवलं. गावात पाणी दोन दिवसांआड येत होतं, तरी तांब्या काठोकाठ भरलेला. काका झाडाखाली उभे राहिले, आतच येईनात. शेवटी मीच सांगितलं. आजार कसा आहे, औषध कसं नवीन आहे, बरा होतो, तुम्हा दोघींना फक्त बघायचंय.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग फडताळात हात घालून एक जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, ताट काढलं आणि माझ्यापुढं आदळलं.

"म्हंजे ह्याच्यापायी हे?" त्या म्हणाल्या. "साल झालं, ह्यांनी ताट वेगळं केलंय. आपलं आपन धुत्यात. हातरून भाईर टाकत्यात. मला वाटलं, माझं कायतरी चुकलं. साल झालं मी इचार करायले, मी काय केलं म्हनून."

मग दाराकडं वळून ओरडल्या, "साऱ्या मुलखाला सांगत हिंडता ना, ताट वेगळं करू नका म्हनून?"

काका झाडाखालूनच म्हणाले, "लोकाला सांगनं येगळं गं."

मला आमच्या आजोबांची गोष्ट आठवली. त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं. ते सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. इथं तर माणसानं स्वतःच स्वतःला दूर बसवलं होतं, आणि घरातल्या बाईला त्याचं कारणही माहीत नव्हतं. मी त्या दुपारी तिथंच जेवले. काकूंनी आम्हा चौघांना एकाच ओळीत वाढलं, ज्वारीची भाकरी आणि पाण्यासारखी पातळ आमटी. काका घास घेत होते आणि डोळे पुसत होते. मुलगी त्यांच्या ताटात परत परत भाकरी टाकत होती. दोघींना तपासलं. दोघी निर्मळ होत्या.

औषध सुरू झालं. पहिली लाल कॅप्सूल त्यांनी माझ्यासमोर गिळली आणि दुसऱ्या दिवशी हसत सांगत आले, "बाई, लघवी कुंकवावानी लाल झाली. आधी तुमी सांगितलं नसतं तर म्या हाय खाल्ली असती." काही महिन्यांत तीनपैकी दुसऱ्या एका गोळीनं त्यांचा रंग बदलू लागला. ते मूळचे गव्हाळ. आता तांबूस काळे, चेहऱ्यावरची कातडी कोरडी. हा रंग आमच्या कामातला माणूस लांबून ओळखतो. ऑफिसात कुजबुज सुरू झाली. एकानं ऑफिसच्या कपात चहा घेणं सोडलं, घरून गिलास आणू लागला. काका ते बघत.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर उदगीरच्या बाजूच्या एका गावी गेले होते. एका तरण्या बाईनं दुसऱ्या महिन्याची कॅप्सूल घ्यायला नकार दिला. सासू भांडायला उठली होती. पोरीच्या अंगातून रक्त जातंय, तुमच्या औषधानं ती मरंल, असं ती ओरडत होती. पन्नास माणसं गोळा झाली. मी समजावत होते, पण माझ्या शहरी बोलण्याचा काही उपयोग होत नव्हता.

काका पुढं झाले. त्यांनी टोपी काढली.

"माय, माझा रंग बघ," ते म्हणाले. "म्या काय जल्माचा असा काळा न्हाई. हेच औषध म्या खायलो. मला हीच बिमारी हाय. माझी बी लघवी लाल व्हती, दोन दिसांत साफ व्हती. ते रगत न्हाई, रंग हाय गोळीचा."

 वीस वर्षं ज्या माणसाच्या हातून लोकांनी गोळ्या घेतल्या, तो सांगत होता की त्यालाही तेच झालंय. मला भीती वाटली की आता लोक उठून जातील. सासू त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "तुमच्या घरी ठाव हाय?"

"हाव. घरी ठाव हाय. एका ओळीत जेवतो आमी."

सासू आत गेली आणि तांब्या घेऊन आली. सुनेनं कॅप्सूल गिळली. उरलेलं पाणी सासूनं काकांना दिलं. येताना जीपमध्ये ते टोपी हातातच धरून बसले होते. लातूर आलं तेव्हा म्हणाले, "हलकं वाटालंय, बाई."

त्यानंतर त्यांनी लपवलं नाही. ऑफिसातला तो गिलासही काही दिवसांनी कपाटात गेला. दर सहा महिन्यांनी मी त्यांच्या कानाची स्लाइड करायची. जुड्या मोडल्या, मग सुट्या काड्या राहिल्या, मग त्यांचे तुकडे. पाऊसही त्या मधल्या काळात बरा झाला. अडीच वर्षांनी एका सकाळी मी त्यांची स्लाइड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोनदा बघितली. सगळं निळं होतं. काका दारात उभे होते. मी मान वर केली. मला रडू आवरत नव्हतं, आणि ते समजले.

मुलीचं लग्न झालं. सोयरिकीच्या वेळी त्यांनी पाहुण्यांना आधी सगळं सांगितलं. एक स्थळ गेलं, दुसरं टिकलं. पायाची दोन बोटं मात्र शेवटपर्यंत बधिर राहिली. जे नसांचं नुकसान आधी झालं होतं ते औषधानं भरून आलं नाही. साहेब म्हणायचे, वर्षभर आधी बोलले असते तर तेही टळलं असतं.

पुढं माझी बदली नांदेडला झाली. काका रिटायर झाल्यावर एकदा काकूंना घेऊन माहूरला निघाले होते, तेव्हा वाटेत आमच्या घरी उतरले. रंग बराचसा निवळला होता. माझ्या आईनं त्यांना मुक्कामाला ठेवून घेतलं. सकाळी दोघं अंगणात बोलत बसले होते. आई विचारत होती की आजार ओळखायचा कसा, आणि काका तिला शेजारच्या पोराच्या पाठीवर कापसाची वात टेकवून दाखवत होते. पोरगं गुदगुल्यांनी खिदळत होतं. "ह्याला समदं कळतंय," काका आईला म्हणाले, "हसतंय तवर कायबी काळजी न्हाई."