आप्पांनी कोरं केलेलं कार्ड

आमच्या मंचाकडे कॅमेरा एकच होता आणि तो सांभाळायला माझा बाप होता. फिल्म बनवणारी माणसं म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे, ते सगळं विसरा. नायगावच्या आमच्या चाळींमधलं समाजमंदिर, त्याच्या एका भिंतीला पांढरा रंग मारून केलेला पडदा, आणि दर दुसऱ्या रविवारी जमणारे आम्ही. कुणी नर्स, कुणी कुरिअरवाला, कुणी माझ्यासारखी विम्याच्या ऑफिसात फायली उपसणारी. ज्याला आपल्या गल्लीतलं काही टिपायचंय त्याने यावं, शिकावं आणि कॅमेरा घेऊन जावं. पहिल्यांदा दाखवताना काही कापायचं नाही, असा आमचा दंडक. कॅमेरा चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत जे काही आलंय ते सगळं भिंतीवर लावायचं, अगदी हललेलं, अंधारातलं, नको ते बोललेलंसुद्धा. मग सगळ्यांनी मिळून भांडायचं. गिरगावातून एकदा दोन जाणकार आले होते, ते अर्ध्यातच चहा प्यायला बाहेर गेले आणि परत आलेच नाहीत.

आप्पा बसमध्ये कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर दिवसभर घरात बसून आईचं डोकं खायला लागले, तेव्हा मीच त्यांना मंचात नेऊन बसवलं. महिन्याभरात कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला आली आणि आम्हाला शिस्त लागली. कॅमेरा नेणाऱ्याने बॅटरी भरूनच परत आणायची. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड आलं की आप्पा त्यातलं सगळं मंचाच्या कंप्युटरवर कॉपी करणार, मग ते कोरं करणार, कॅमेरा एकदा चालू करून तपासणार आणि मगच पुढच्याच्या हातात देणार. आधीच्याचं काही कार्डात शिल्लक राहिलेलं त्यांना खपायचं नाही. पुढच्या पाळीवाल्याला मशीन साफ मिळालं पाहिजे, हे डेपोतलं खूळ त्यांच्या हाडात मुरलं होतं. मी चिडवायचे, आप्पा, इथे कुणी चेकर येणार नाहीये. ते म्हणायचे, चेकरसाठी कोण करतं?

दुसरं खूळ बेलचं. बसमध्ये एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. घरातही त्यांचं तेच चालायचं. आईने आणखी भात वाढू का विचारलं की ताटाच्या कडेवर बोटाने एक टक. मी बाहेर जाऊ का विचारलं आणि मूड बरा असला तर दोन. तोंडाने बोलायला काय होतं तुम्हाला, असं आई रोज विचारायची. तोंडाला तर काहीच होत नव्हतं. आवाज असा, की जयंतीच्या मिरवणुकीत माइक बंद पडला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही.

तोच आवाज बसायला लागला. आधी खोकला म्हणून काढे झाले, मग धूळ म्हणून झालं, कारण आजूबाजूच्या चाळी पाडायला घेतल्या होत्या आणि धुळीला तोटा नव्हता. शेवटी परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गाठ स्वरयंत्रात आहे. ते काढलं तर माणूस राहील, आवाज राहणार नाही. आप्पा बरं म्हणाले आणि स्टूलवरून उठले. जिन्यात मी भिंतीला टेकून रडले, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर बोटाने दोनदा वाजवलं. चल.

त्याच दिवसांत आमच्या चाळीलाही खाली करायची नोटीस लागली होती. आवाज आणि चाळ बरोबरच जाणार होते. मंचात मी हे सांगितलं, तर एरवी दहा मिनिटं एकमत न होणारी माणसं एका तोंडाने म्हणाली की ऑपरेशनच्या आधी आप्पांना बोलतं करायचं. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक दार, कोण राहायचं, काय झालं, सगळं त्यांच्याच तोंडून. ठरलेल्या रविवारी कॅमेरा आमच्या घरी राहील, कुणी मध्ये मागणार नाही, हेही ठरलं. मला फिल्म-बिल्म काही नको होती. मला माझ्या बापाचा आवाज हवा होता. मोबाइलमध्ये नाही का, असं लोक विचारतात. आहे की. भाच्याच्या वाढदिवसाला सगळे किंचाळतायत आणि मागून आप्पा म्हणतायत, केक पुरे. हा एवढा.

त्या रविवारी दुपारी आप्पा गॅलरीभर चालत बोलले. सोमवारी त्यांना ॲडमिट करायचं होतं. आवाज फाटला होता, मध्येमध्ये घोटभर कोमट पाणी लागत होतं, पण माणूस थांबेना. कुणाच्या दारात कुणाची मारामारी झाली, संपात कुणाच्या घरी किती दिवस चूल पेटली नाही, कुठल्या पोराने कठड्यावर पास झाल्याचं कोरून ठेवलंय. मी मागे मागे कॅमेरा घेऊन. शेवटी नळापाशी टेकले आणि माझ्याकडे बघून, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून, त्यांनी माझ्या जन्माची गोष्ट सांगितली. ती मी तोवर कधी ऐकली नव्हती.

ते ड्यूटीवर होते. शेजारचा एक जण स्टॉपवर वाट बघत उभा होता, त्याने खिडकीतून ओरडून सांगितलं की मुलगी झाली. गाडी हॉस्पिटलवरूनच जाणार होती. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा दोन स्टॉपच्या मध्ये बेल दिली. ड्रायव्हरने गाडी उभी केली, आणि कारण कळल्यावर अख्खी बस म्हणाली, कंडक्टर, जा, बघून ये. हे वर धावत गेले, मला बघितलं, खाली आले. गाडी तशीच उभी होती, एक माणूस उतरला नव्हता. "मग दोन बेल दिल्या," आप्पा म्हणाले आणि त्यांचा आवाज तिथे फुटला. गाठीने की कशाने, कोण जाणे. मागे आई चाळण धूत होती. ती म्हणाली, थापा मारतायत, संध्याकाळी उगवले होते. आप्पा खो खो हसले. ते हसणंही कार्डात आलं होतं.

आता ही गोष्ट मी सांगू शकते, सांगतेच आहे. पण ती माझ्या तोंडून. माझ्या तोंडून काय उपयोग?

कॉपी तेवढी राहिली होती. समाजमंदिरही खाली करायचं होतं, त्यामुळे मंचाचा कंप्युटर गोणीत बांधून दादरला नव्या जागी गेला होता आणि अजून उघडला नव्हता. कार्ड कॅमेऱ्यातच राहील, दादरला जम बसला की कॉपी करू, असं मी आणि आप्पा दोघं बोललो होतो. ऑपरेशनला लागणाऱ्या रक्ताची चिठ्ठी आणायला मी संध्याकाळी हॉस्पिटलात गेले. परत आले तेव्हा आप्पा पांघरूण घेऊन पडले होते. कॅमेऱ्याची बॅग खुंटीला नव्हती. आई म्हणाली की मंचातलं कुणीतरी घेऊन गेलं. मला वाटलं, सांभाळायला नेला असेल, कारण घर आता बंद राहणार होतं. सकाळी निघायचं होतं, मी पिशव्या भरायला घेतल्या.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक आणि तोंडाला कुलूप. पलंगाच्या दांडीवर बोट वाजायला लागलं, एक म्हणजे नको, दोन म्हणजे हो, आणि आम्ही त्याला बोलणं म्हणायला शिकलो. चाळ सोडून आम्ही ट्रान्झिट कॅम्पात राहायला गेलो. माझ्या मनात एकच होतं, ते कार्ड. दादरच्या एका वाचनालयाने वरचा हॉल दिला, कंप्युटर लागला, सगळे जमले. कार्ड लावलं तर त्यात शिवडीच्या मुलीची गोदामाची दृश्यं होती. नुसती गोदामाची, आणि सुरुवातीला फरशीचा एक हललेला तुकडा. लावून काही बघितलं नाही, छोट्या चित्रांची यादीच पुन्हा चाळली, तिसऱ्यांदा चाळली. आप्पांचं काही नव्हतं.

ही मुलगी मंचातली सगळ्यात लहान. तिची आई शिवडीला एका गोदामात गोण्या शिवायची. ते गोदाम त्याच सोमवारी सकाळी पाडणार होते, आणि तिथल्या बायका आदल्या रात्री शेवटचं एकदा आत शिवायला बसणार होत्या. हे तिला रविवारी दुपारी कळलं. मंचाचं दुसरं कार्ड बिघडलेलं, कॅमेऱ्यातलं आप्पांच्या दुपारच्या बोलण्याने भरलेलं, दुकानं बंद, गोदामात अंधार एवढा की मोबाइलवर नुसतं काळं येतं. ती आप्पांकडे आली, आप्पांनी कार्ड कोरं करून दिलं. एवढं तिने खाली मान घालून सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माणूस भेदरलेला असतो, सवयीने हात गेला असेल, कॉपी राहिलीय हे डोक्यातून गेलं असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीही ठरवून टाकलं. कुणी त्यांना विचारलं नाही, मीसुद्धा नाही. आजारी माणसाला काय विचारायचं? घरी येऊन मी मोरीत नळ सोडून रडले. आप्पांनी बाहेरून दार वाजवलं, एकदा. थांब.

काही महिन्यांनी त्या मुलीचा रविवार आला. आप्पांना मी रिक्षा-टॅक्सी करून दादरला नेलं, पहिल्या रांगेत बसवलं, गळ्यावर रुमाल. मुलगी माझ्याजवळ येऊन कुजबुजली की ताई, सुरुवातीचं थोडं कापू का? मला राग आला. तिच्यावर आधीच होता, खोटं कशाला बोलू. म्हटलं, दंडक सगळ्यांना सारखा, काही कापायचं नाही.

दिवे गेले. भिंतीवर आमच्या जुन्या खोलीची फरशी, हलणारी, आणि आप्पांचे पाय. आप्पा कॅमेरा तपासत होते. मग मुलीचा आवाज: "काका, ताईचं कॉपी झालंय ना पण?"

आणि मग तो आवाज. फाटलेला, पण तोच.

"नाही झालेलं. ते माझं मी बघीन. तुझ्या बायका उद्या परत बसायच्या नाहीत. जा."

पाठोपाठ कॅमेऱ्यावर बोट वाजलं. टक टक. लगेच गोदाम आलं. पत्र्यातून पडलेला रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड, ओळीने बसलेल्या बायका, सुया, सुतळ्या, एकीचं हसणं. काय सुंदर होतं ते, काय सांगू! आणि मला एकेकीचा तिटकारा येत होता. या कोण माझ्या? यांच्यासाठी माझा बाप पुसला गेला, त्यानेच पुसला, समजून-उमजून पुसला. मुलगी मागे भिंतीला तोंड करून रडत होती. इतके महिने ती हे एकटी घेऊन फिरत होती, हे मला तेव्हा कळलं, आणि तरी माझा राग गेला नाही.

दिवे लागले. भांडायला कुणी उठलं नाही. मी आप्पांच्या समोर खाली बसले.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट वाजवलं. दोनदा. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते रुमालात जिरत होतं.

"आणि मी, आप्पा? मी काय ऐकायचं आता?"

बोट उचललं गेलं. मी वाट बघत राहिले. याला हो लागू पडत नव्हतं, नाही लागू पडत नव्हतं. बोट तसंच वर राहिलं, आणि मग त्यांनी ते न वाजवताच मिटून घेतलं.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मी अजून मंचात जाते. कपाटाची किल्ली आता माझ्याकडे आहे, आणि कार्ड मी कोरंच देते.