बांधाचा सांधा

आज आमच्या आवाराची खचलेली भिंत जोडायला गवंडी आला. नव्या विटा लावण्याआधी त्यानं जुन्या भिंतीची कड टोचून खडबडीत केली आणि तिच्यावर पाणी मारत बसला. म्हणाला, "कोरड्याले ओलं धरत नाही, बाई." भिजल्या मातीचा वास आला आणि मी बाभुळगावकडच्या आमच्या नाल्यावर जाऊन पोचले.

आम्ही बौद्ध झालो त्याला दोनतीन वर्षं झाली असतील. मायनं गावकीची कामं सोडली, दारोदार भाकर मागणंही सोडलं. गावाचा राग होता तो त्यावर. मजुरी मिळेल तेव्हा चूल पेटायची, पण पाण्याचं काय? वस्तीची विहीर होळीलाच तळ दाखवायची. मग मी नाल्याच्या रेतीत झिरा उकरायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. बोटांची सालं निघायची. नाल्याला मातीचा बांध घातला तर गावाची विहीर आणि आमची, दोन्ही जगतील, हे सगळ्यांनाच पटलं. घरटी एक माणूस कामाला आला. गाव अलीकडच्या काठावरून माती टाकत निघालं, आम्ही पलीकडून. प्रत्येक थर भिजवून पायांनी तुडवायचा, अशी रीत. दोन्ही तोंडं मधोमध आली तेव्हा दोन हातांची फट उरली. ती तुडवायची तर खांद्याला खांदा लागणार. त्यांनी आपल्या कडेपर्यंत तुडवलं, आम्ही आपल्या. फटीत दोन्हीकडून नुसती माती लोटली. सगळ्यांना कळत होतं, तरी टोपल्या उचलून सगळे घरी गेले. श्रावणात नाला भरून आला आणि बांध नेमका तिथंच फुटला. एवढी शहाणीसुरती माणसं, आणि ही अक्कल! अजून मला त्याचा संताप येतो.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच काम, पुन्हा ती फट, आणि पुन्हा सगळे टोपली खाली ठेवून उभे. कामावर नजर ठेवणारा गावातला एक म्हातारा शेतकरी काठावर बसला होता. मायनं लुगडं खोचलं आणि चिखलात उतरली.

"दादा, औंदाही इथंच भोक ठेवता काय? माह्या पोरीची बोटं पाहा. अन् तुमची विहीर तरी कुठं भरली?"

म्हाताऱ्यानं वहाणा काढल्या आणि उतरला. दोघं एकाच चिखलात पाय उचलत राहिली. मागून एकेक करत बाकीचे आले.

संध्याकाळी वस्तीत बातमी आली की म्हाताऱ्यानं घरात शिरण्याआधी डोक्यावरून आंघोळ केली. मला रडू फुटलं. माय भाकर थापत म्हणाली, "करो ना बापा आंघोळ. उद्या उतरते का नाही, ते पाहू."

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन चिखलात उभा होता.

बांध टिकला. पुढच्या होळीला मायनं आमच्या विहिरीत बादली सोडली आणि ती भरून वर आली. मी किती वेळ नुसते हात बुडवून बसले होते. विहिरी मात्र दोनच्या दोनच राहिल्या, हेही सांगितलं पाहिजे. माय गेली, म्हाताराही गेला. बांध गाळानं भरला आहे. मागे गेले तेव्हा वरून अनवाणी चालून पाहिलं, सांधा पायाला लागला नाही.

काम संपत आलं तसं गवंडी म्हणाला, "वरून असा घोटतो बाई, का सांधा दिसनारच नाही."

म्हटलं, "दिसू दे. फुटला नाही म्हणजे झालं."