मस्कतच्या ताटातला आंबलेला भात

अंगात आलेल्या बाईसमोर उभा राहून बिडी पेटवणारा माणूस मी. भूत, करणी, बाहेरची बाधा... सगळा रिकामटेकड्यांचा धंदा, हे मी चारचौघांत बोललेलो आहे आणि शब्द मागे घेणार नाही. शाळा चौथीपर्यंत. हे वहीत लिहिलं, नातीनं मोबाईलवर उतरवलं. तिनं काही सुधारलं असेल तर ते तिचं.

गाव रावेर तालुक्यात, धंदा केळीचा. मस्कतचा सालेम म्हणून एक व्यापारी दोनदा माझ्या बागेत आला, बांधावर बसून भरीत-भाकरी खाऊन गेला. तिथलाच अरब, पण हिंदी फर्डी. "आबा, अब आप आओ. शुक्रवार-शनिवार हमारी छुट्टी." मी दोन दिवसांसाठी गेलो... मुद्दाम आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली त्याच शुक्रवारी.

मुद्दाम का, ते सांगतो. आखाजीला आमच्याकडे घरातला कर्ता माणूस निखाऱ्यावर तुपाचा घास टाकतो, मेलेल्याचं नाव घेऊन. त्याला आगारी म्हणतात. माझा मोठा भाऊ नाना त्या साली वारला. त्याला मूलबाळ नाही, म्हणजे त्याची आगारी माझ्यावर. आणि ह्याच नानानं एका उन्हाळ्यात सामाईक विहिरीवरचं माझं पाणी तोडलं होतं — माझी केळी उभी वाळली. तेव्हापासून बोलणं बंद.

"आखाजीले घर सोडून कोनी जातं का?" बायको म्हणाली. "नानाची आगारी कोन टाकीन मंग?"

"ज्यानं माह्या केळीले पानी देल्लं नही, त्याले मी घास देऊ?"

"मेलेल्या मानसाशी कुठी भांडता हो?"

"तो जित्तेपनी भांडला. आता माही पाळी."

तर शुक्रवारी दुपारी सालेमच्या घरी जेवण. खाली गालिचा, मधे परातीएवढं एकच ताट, भोवती सालेम, त्याचे दोन भाऊ आणि मी. सालेमच्या आईनं पहाटेपासून राबून बदाम-बेदाण्यांचा भात केलेला. मी मटण खात नाही म्हणून ते वेगळं ठेवलेलं.

मी पहिला घास तोंडात घातला आणि बोटांना तार सुटली. शेंबडासारखी. वास मेलेल्या उंदराचा. माझ्या पुढ्यातला भात हिरवट पडून बुळबुळीत झाला होता, बेदाणे फुगून फुटले होते. आणि वीतभर पलीकडे सालेमच्या पुढ्यातला पांढराशुभ्र, वाफाळता!

मी थुंकलो. त्यांच्या गालिच्यावर. वरून बोललो, "सालेमभाई, हमारे इधर ढोर को भी ऐसा नहीं डालते."

सालेम वाकला, वास घेतला, त्याचा चेहरा उतरला. त्यानं आतल्या दाराकडे बघून आवाज चढवला. म्हातारी दारात येऊन उभी राहिली.

"गरमी से होता है, आबा," म्हणत धाकट्या भावानं ताट अर्धं फिरवलं. चांगला भात माझ्यासमोर आला. मी हात पुढे केला — बोटं टेकायच्या आत शितं खचली, हिरवी पडली, पाणी सुटलं. धाकट्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

तेव्हा मला कळलं, हे कोणाचं काम आहे. आणि मी गप्प बसलो. मुलगा पाहुण्यादेखत आईला बोलतोय, ती ओढणीनं डोळे पुसतेय, आणि मी गप्प. तोंड उघडलं असतं तर नाना जिंकला असता.

म्हातारी येऊन माझ्या शेजारी बसली. माझ्या पुढ्यातला घास तिनं उचलला, तोंडात घातला. तार हनुवटीवर लोंबली. तिनं चावलं. गिळलं. दुसरा घास घेतला. "अच्छा है," मला म्हणाली. तिला तेवढंच हिंदी येत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिसरा उचलला तेव्हा मी हात आडवा घातला.

"सालेमभाई, अम्मा की गलती नहीं. मेरा भाई भूका है. अंगार मंगाव."

लोबान जाळायची त्यांची शेगडी तयारच होती. तूप मागितलं. त्यात तोच आंबलेला भात कालवून निखाऱ्यावर टाकला. "नाना, घे." दोनच शब्द, पण ओकारी काढावी तसे निघाले. धूर झाला त्याला तुपाचा वास नव्हता, उंदराचाच होता. सगळ्यांनी नाकं धरली. मग विझलं.

लोक विचारतात, भात चांगला झाला का? नाही. तो फेकलाच. पातेल्यातला दुसरा वाढला, तो ठीक होता. दोन घास खाल्ले आणि बाहेर जाऊन भडाभडा ओकलो.

सालेम अजून उन्हाळ्यावर ढकलतो. नात म्हणते बुरशी. ताट फिरवल्यावर बुरशी माझ्याकडेच कशी फिरते, ते दोघांनाही सांगता येत नाही. मलाही नाही. नानाला मी माफ केलेलं नाही, तेही लिहून ठेवतो.

भाताचं सोडा. त्या बाईनं एक घास गिळला, मी बघितलं. दुसरा गिळला, तोही बघितला. तिसऱ्यापर्यंत मी का थांबलो, ह्याचा उलगडा तरी मला व्हायला पाहिजे होता... तोही होत नाही.