सळई तोडायला दोघं लागतात

लढाईच्या दिवसांत बेळगावच्या बाहेर लष्करासाठी बराकी बांधायचं काम चाललं होतं. तिथं मी सामानावरचा कारकून होतो. भंगाराचा नियम साधा होता. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे हातभर भरला तर तो सळईचा तुकडा कामाचा. त्याहून आखूड तो भंगार. पहारी-टिकाव सांधून उरलेलं भंगार कामावरच्या लोहारानं घरी न्यावं, अशी मुभा होती.

बाजारात तेव्हा लोखंड दिसत नव्हतं. खानापूरकडच्या आमच्या गावात पेरणी तोंडावर आलेली आणि नांगरांचे फाळ झिजून गेलेले. लोहार माझ्याच गावचा, वयानं मोठा. मीच त्याला म्हणालो, "आप्पा, चांगल्या सळ्याच आखूड केल्या तर?"

"तुमी सांगा, मी घण हाणतो. पर छिन्नी कोण धरणार?"

"मी धरतो."

"बोटं जपा कारकून, न्हायतर हातभराचं माप बी आखूड व्हईल!"

आठवडाभर दुपारच्या सुट्टीत आम्ही सळ्या तोडल्या. लोखंड गावात गेलं, फाळांना नवी टोकं बसली. त्याची मला लाज नव्हती. आजही नाही. ज्या इंग्रजांनी आमच्या घरातल्या माणसांना न विचारता लढाई पुकारली, त्यांच्या चार सळ्या आमच्या शेतात गेल्या तर मी कुणाची क्षमा मागणार नाही.

पुढचं मात्र सांगायला मला इतकी वर्षं लागली.

भंगाराच्या ढिगातल्या जुन्या तुकड्यांची टोकं गंजून तांबूस झालेली आणि आम्ही तोडलेल्यांची लखलखीत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ओव्हरसियरच्या आलं. सगळ्यांसमोर त्यानं विचारलं, "हे कुणी तोडलं?" घण लोहाराचा, छिन्नी लोहाराची. सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो माझ्याकडे बघत होता. मी दौतीचं झाकण लावत बसलो. एकट्यानं सळई तुटत नाही, हे तिथल्या प्रत्येक गवंड्याला ठाऊक होतं. दुसरा कोण, हे कुणी विचारलं नाही.

त्याला त्याच दुपारी हाकललं. त्यानं माझं नाव घेतलं नाही. मी पगार घेत राहिलो. पुढं कुठल्याच कामावर त्याला घेतलं नाही, आणि गावसुद्धा, ज्याच्या नांगराला ते लोखंड लागलं होतं तेच गाव, त्याला चोर म्हणू लागलं.

यंदा त्याच्या मुलीची सोयरीक देवळातल्या बैठकीत त्याच एका शब्दावरून मोडली. कळताच मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दारातच म्हणाली, "तवा तोंडात खिळं धरलं हुतं काय वो?"

तिथून मी सरळ देवळात गेलो. सोयरीक मोडणारे पाहुणे अजून तिथंच बसले होते, सोबत गावातली जाणती माणसं. सगळं सांगितलं. छिन्नी माझ्या हातात होती, हेही.

"जाऊ दे रं, आता कशाला उकरतोस?" एक म्हातारा म्हणाला.

"उकरणार. चोर म्हणायचं तर पहिलं मला म्हणा. आणि लाज वाटत असंल तर आपापल्या फाळाची टोकं काढून आणून टाका हितं."

कुणी उठलं नाही. पाहुण्यांपैकी एकानं फक्त विचारलं, "लोहार आत्ता घरी भेटतील का?"