प्लास्टिकच्या पत्र्यातली आमची गल्ली

“मशीननंच कापलंय ना सगळं?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच माझं डोकं तापतं.

मशीन म्हणजे माझ्या टेबलावरचा छोटा कटर. दिसायला प्रिंटरसारखा, विकतात स्टिकर आणि ग्रीटिंग कार्डं कापायला. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते आणि घरी हौसेनं इमारतींची मॉडेलं करते, म्हणून त्यात पांढऱ्या प्लास्टिकचा पातळ पत्रा घालते. आता नीट ऐका. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा ते मशीन कापत नाही. फक्त ओरखडतं. पत्रा चिकट मॅटवर बसवायचा आणि त्याच रेघेवरून पातं पुन्हा पुन्हा फिरवायचं. घाई करून दाब वाढवला की पात्याचं टोक गेलंच. मग पत्रा सोडवून दोन्ही अंगठ्यांनी रेघेवर वाकवायचा, तेव्हा कुठं कट्ट आवाज होऊन तो सरळ तुटतो. खिडकीचं भोक असं वाकवून निघत नाही. त्याला हातातल्या कटरनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारून चारी तुकडे एकेक करून मोडावे लागतात. शिवाय प्रत्येक रेघेच्या कडेला प्लास्टिक उचलून येतं, ते पॉलिश पेपरनं घासायचं. आमच्या गल्लीत खिडक्या किती आहेत ते मला विचारा.

गल्ली लष्करी छावणीच्या अंगाची, मधोमध विहार. यंदाच्या जयंतीला देखावा म्हणून वस्तीचंच मॉडेल करायचं समितीनं ठरवलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? समितीचे अध्यक्ष आमच्याच गल्लीतले, बँकेतून निवृत्त झालेले. मी त्यांना दादा म्हणते. ते रोज संध्याकाळी यायचे, चहा घ्यायचे आणि मशीनची घरघर ऐकत म्हणायचे, “तुमचं बरंय ताई. बटण दाबलं की झालं. लई सोपं.” उचलली जीभ, लावली टाळ्याला. माझे अंगठे सोलले होते ते त्यांना दिसत नव्हते.

पत्रा संपला म्हणून गुलमंडीच्या बाजारात चौकशी केली, तर दुकानदार फोमचा जाड बोर्ड पुढं करत म्हणाला, “सनबोर्ड ले लो बाजी, इतना बारीक कौन देखता?” मी दुकानातच ठरवलं, पत्रा बाहेरून मागवायचा आणि बारीकच करायचं.

म्हणून मी ड्रम केले.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. आठवडा उलटतो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. त्यामुळं प्रत्येक दारासमोर निळे ड्रम असतात, कुणाचा एक, कुणाचे तीन. झाकणावर दगड, बाजूला गुंडाळलेला पाइप. आमच्याकडं पाहुणा पत्ता विचारतो तेव्हाही आम्ही सांगतो, दोन ड्रमवालं घर. ड्रमांशिवाय आमची गल्ली दाखवायची म्हणजे दुसऱ्याच कुणाची तरी गल्ली दाखवायची.

सगळ्यात पातळ पत्र्याच्या पट्ट्या मशीनवर काढल्या, पेन्सिलीवर गुंडाळल्या, दोऱ्यानं बांधल्या आणि कढत पाण्यात बुडवल्या. गार झाल्यावर पट्टी गोल आकार धरते. झाकणांनी मात्र रडवलं. एवढ्याशा गोलात पातं वळताना चकती मॅटवरून उचकटते आणि पात्यात अडकते. निम्म्या वाया गेल्या. मग प्रत्येक ड्रम ज्याच्या त्याच्या दारात सॉल्व्हंटनं जोडला. हे सॉल्व्हंट चिकटवत नाही, दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. त्यानंतर गल्लीला राखाडी रंग दिला.

दादांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. “हे कशाला? मोठे पाव्हणे येनार हायेत. वस्तीची शोभा जाते ना ताई. विहार दाखवा, कमान दाखवा, झाडं लावा दोनचार.”

“गल्लीत झाड कुठंय दादा?”

“नाय, पन दिसायला बरं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, “ज्यांची जयंती, त्यांनी तळ्यावर जाऊन चारचौघांत पाणी ओंजळीत घेतलं. त्यांच्याच जयंतीला आपण आपले ड्रम लपवायचे? कुणाची लाज वाटते तुम्हाला?” दादा उरलेला चहा संपवून उठले. मला वाटलं, पटलं.

कुठलं काय! जयंतीच्या आदल्या दिवशी मॉडेल विहारात नेऊन ठेवलं, मी जेवायला घरी आले आणि परत गेले तर गल्लीत एकही ड्रम नाही. सगळे उपटून कॅरीबॅगेत भरलेले, निम्मे चेपलेले. जागोजागी हिरव्या स्पंजची झाडं. पण एकजीव झालेलं प्लास्टिक सुखासुखी सुटतंय थोडंच? जिथं जिथं ड्रम होता, तिथं राखाडी रंगात पांढरी, गोल, खरबरीत खूण राहिली होती. दारादारासमोर. मी तिथंच रडले. दुःखानं नाही, संतापानं. माणसानं माझं काम मोडावं आणि वर त्यावर झाड लावावं!

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. हार झाले, फोटो झाले. पाहुण्यांनी मॉडेलवर वाकून विचारलं, “हे पांढरे गोल कशाचे?”

दादा पटकन म्हणाले, “मशीनची चूक हाय साहेब. कापताना राहून जातं.”

इतके दिवस सगळं श्रेय मशीनचं होतं, आता पापही मशीनचंच. मी पुढं झाले. “मशीनची चूक नाही. तिथं पाण्याचे ड्रम होते. काल दुपारी उपटले.” पाहुणे हसले, “छान, छान” म्हणाले आणि भाषणाला गेले. पाण्याबद्दल एक अक्षर नाही. खरं सांगते, दादांपेक्षा मला त्या हसण्याचा जास्त राग आला.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर गल्लीतल्या बाया मॉडेल बघायला आल्या. पांढऱ्या साड्या, कडेवर पोरं. बघताबघता प्रत्येकीचं बोट आपापल्या दारावर गेलं. “हे माझं. पन हितं ड्रम नाय का गं?” एक तर माझ्यावरच चिडली, “आमचे तीन हायेत, खुना दोनच कशा?” तिचं बरोबर होतं. तिसरा माझ्याकडून राहिला होता.

मग दादांची बायको पुढं आली. तिनं चष्मा लावला, आपलं घर शोधलं, दारातलं स्पंजचं झाड दोन बोटांनी उचललं आणि खालची खूण पाहिली. दादा खुर्च्या उचलत होते. ती तिथूनच ओरडली, “अहो, आपला ड्रम कुनी काढला?”

दादांनी आणखी एक खुर्ची उचलली.

“ज्यानं काढला त्यानं परवा नळ आला की पहाटे चारला उठायचं. मी उठनार नाय.”

बाया हसल्या नाहीत. सगळ्या दादांकडं बघत राहिल्या. त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली आणि टेबलाखालून कॅरीबॅग काढून माझ्यापुढं धरली. मी ती घेतली. सॉल्व्हंटची बाटली उघडली आणि त्यांच्या बायकोला विचारलं, “वहिनी, मोठा ड्रम दाराच्या कुठल्या बाजूला असतो?”