तारेवरचा हात

मसाटच्या चाळीत आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. आजी गेल्याची तार गावाहून आली, तेव्हा घरात ती वाचणारं कुणी नव्हतं. पुढे घरातली पहिली पदवीधर मीच झाले.

सिल्वासाच्या नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघताना चहाच्या टपरीवर एक काका रोज भेटतात. निवृत्त तारमास्तर. एकदा मी दोन्ही अंगठ्यांनी मेसेज लिहीत होते, तर म्हणाले, "ताई, वेग भारी आहे तुमचा. पण अक्षरं सगळ्यांची सारखीच. आमच्या तारेवर नुसत्या कट्ट-कडकट्टवरून कळायचं, पलीकडे कुणाचा हात आहे ते."

भुसावळच्या एका तारमास्तराशी ते वर्षानुवर्षं तारेवर बोलले होते, पण त्याला कधी पाहिलं नव्हतं. जीव त्याच्यातच अडकलेला. अलीकडे कुणाकडून तरी त्याचा नंबर मिळाला, आणि विचारल्यावर मेसेजही आला होता: 'मीच तो.'

"कसं मानू? हे तर कुणीही लिहील."

"मग तारेवरचं कट्ट-कडकट्ट वाजवायला सांगा की, काका!"

काकांनी बशीवर चमचा तारेच्या तालात वाजवला. मी ते रेकॉर्ड करून पाठवलं. थोड्या वेळाने तिकडून तशीच टकटक आली. काकांनी फोन कानाला लावून डोळे मिटले.

"अजून तशीच घाई करतो, लेकाचा."

इतक्या वर्षांनी काकांना त्यांचा माणूस सापडला.